हात खाली, ऑरिन!

ऑरिन ट्वेट पहिल्या दिवशी वर्गात शिरले तेव्हा आम्हाला वाटलं, हीटर दुरुस्त करायला कुणीतरी आलंय. आम्ही सगळे नवेकोरे सूट घालून, टाय आवळून, परीक्षेला बसल्यासारखे ताठ बसलो होतो. आणि हे गृहस्थ जाड तपकिरी जॅकेट, कान झाकणारी टोपी आणि काखेत बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा घेऊन आले. दारात बूट आपटून बर्फ झाडला, डबा मधल्या टेबलावर ठेवून झाकण काढलं.

"लेफ्सा आहे. बायकोने केलाय. बटाट्याची पोळीच ही, गार झाली तरी चालते. घ्या," असं म्हणून ते मागच्या खुर्चीत जाऊन बसले.

आमचे मुख्य शिक्षक कॅप्टन रुडी माकोव्हेक. निवृत्त होऊनही घरी बसवत नाही म्हणून नव्या वैमानिकांना छळायला रोज मिनियापोलिसच्या विमानतळालगतच्या या इमारतीत येणारे. त्यांनी आधी एक लेफ्सा गुंडाळून तोंडात टाकला आणि मग विचारलं, "आपण कोण?"

"ऑरिन ट्वेट. नॉर्थ डकोटा. विमानातून शेतांवर फवारणी करतो. करायचो."

हेच त्यांनी स्वतःबद्दल सांगितलेलं सगळ्यात लांब भाषण. बाकीचं मला हळूहळू, दाढ उपटावी तसं उपटून काढावं लागलं.

आमच्या धंद्यात ज्येष्ठतेचा क्रमांक म्हणजे सगळं काही. कुठल्या गावाहून उडायचं, नाताळात घरी राहायचं की कुठल्यातरी हॉटेलात गोठायचं, कॅप्टन कधी व्हायचं, हे सगळं त्या क्रमांकावर ठरतं. आणि एकाच दिवशी रुजू झालेल्यांत तो कसा ठरवायचा? आमच्या कंपनीत वयावर. सगळ्यात म्हातारा तो सगळ्यात वर. रुडींनी सगळ्यांच्या जन्मतारखा विचारल्या आणि ऑरिन आपोआप पहिले आले.

ब्रेडी लुंडीन आमच्यात सगळ्यात लहान, म्हणून सगळ्यात शेवटी. तो ओरडला, "आजोबा! माझे सगळे नाताळ तुम्ही खाणार!"

"नाताळला मी घरीच असतो रे पोरा," ऑरिन शांतपणे म्हणाले. "तू उड की."

तेव्हापासून ते सगळ्यांचे आजोबा झाले. पन्नाशी ओलांडलेला धडधाकट माणूस, पण आम्हा पोरासोरांत आजोबाच. मी नदीन कोस्की, डुलुथची. इतके दिवस छोट्या विमानांत विद्यार्थ्यांना शिकवत होते, आणि तोंडाने फटकळ आहे असं माझी आईसुद्धा सांगते. बहुधा म्हणूनच रुडींनी सिम्युलेटरसाठी, म्हणजे जमिनीवरच्या सरावाच्या नकली विमानासाठी, माझी जोडी या मुखस्तंभाशी लावली.

हॉटेलातल्या खोलीच्या भिंतीवर प्रत्येकाने कॉकपिटचं मोठं कागदी चित्र चिकटवलेलं असतं. त्यासमोर दोन खुर्च्या मांडायच्या आणि खोट्या बटणांवर बोटं फिरवत संध्याकाळभर पाठांतर करायचं. कुणी खिडकीतून पाहिलं तर नक्की दवाखान्यात फोन करेल. ऑरिनचं पाठांतर दोन दिवसांत झालं. विमानाची विद्युतव्यवस्था तर त्यांना अशी कळायची की जणू ती त्यांनीच घरामागच्या शेडमध्ये जोडली असावी. मला वाटलं, नशीब काढलं आपण.

मग सिम्युलेटरमध्ये बसलो.

धावपट्टीवरून उचललं. नियम असा आहे, की विमान चढायला लागलं की शेजारच्याने सांगायचं "चढतंय". मग चालवणाऱ्याने म्हणायचं "चाकं वर". मग शेजारच्याने, म्हणजे मी, चाकांचा दांडा वर करायचा. मी "च" म्हणेपर्यंत ऑरिनचा हात माझ्या पोटासमोरून गेला आणि दांडा वर झालासुद्धा. मी पंखांच्या झडपांकडे, फ्लॅपकडे हात नेते तोवर फ्लॅप वर. मी रेडिओकडे वळते तोवर हे गृहस्थ टॉवरशी बोलून मोकळे.

मागे बसलेल्या रुडींनी सिम्युलेटर थांबवला. आम्ही हवेत लटकत राहिलो.

"ऑरिन, ही शेजारी बसलेली बाई कोण आहे?"

"कोस्की."

"प्रवासी आहे का ती? तिकीट काढून बसलीय?"

"नाही."

"मग तिच्या हाताला काही काम देशील, की घरून विणकाम आणायला सांगू तिला?"

ऑरिनचे कान लाल झाले. "सवय आहे," ते म्हणाले.

खरंच सवय होती. फवारणीच्या विमानात एकच खुर्ची असते. शेजारी कुणी नाही, मागे कुणी नाही. सूर्यफुलांच्या शेंड्यांना चाकं घासतील इतकं खाली जायचं, शेताच्या टोकाला विजेच्या तारा आल्या की वर घ्यायचं, वळायचं, पुन्हा खाली. त्यात कुणाला काय विचारणार? ज्याने विचारण्यात क्षण घालवला तो तारेत गेला. पामर नावाचा त्यांचा मेहुणा असाच गेला. त्यानंतरच्या रविवारी जॉयसने, म्हणजे ऑरिनच्या बायकोने, त्या गेलेल्या भावाच्या शेतावरून परत येताना सांगितलं होतं, "ते फवारणीचं पिवळं विमान नाहीतर मी. जेवणापर्यंत सांग."

"मग तुम्ही काय सांगितलं?" मी विचारलं होतं.

"जेवायच्या आधीच सांगितलं. भूक लागली होती."

पिवळं विमान विकलं. पण उडल्याशिवाय हा माणूस जगेना, आणि जॉयसला ते कळत होतं. दोन इंजिनं, दोन माणसं आणि तारांच्या कितीतरी वर, एवढी हमी मिळाल्यावर तिने परवानगी दिली. म्हणून या वयात ते आमच्यात येऊन बसले होते. इथे जमलं नाही तर परत जायला विमान नव्हतं. "ट्रॅक्टर आहे," ते म्हणायचे. ट्रॅक्टर हा शब्द त्यांच्या तोंडून असा निघायचा की मी विषय बदलायचे.

हे फक्त विमानातलं नव्हतं. माणूसच तसा. सकाळी आम्ही हॉटेलबाहेर यायचो तेव्हा सगळ्यांच्या गाड्यांवरचा बर्फ झाडलेला असायचा. कुणी झाडला ते विचारायची गरज नव्हती. लॉबीतलं कॉफीचं यंत्र बंद पडलं, तर मॅनेजर फोन लावतोय तोवर ऑरिनच्या चाकूने ते उघडलंही होतं. पण एकदा ब्रेडीने कौतुकाने त्यांच्या ट्रकची काच पुसायला घेतली, तर हे पार्किंग ओलांडून धावत आले. त्याच्या हातातला ब्रश काढून घेतला आणि "राहू दे, राहू दे, करतो मी" म्हणत स्वतः घासू लागले. ब्रेडी नुसता हात हलवत उभा.

"आजोबा, मी काच फोडणार नव्हतो हो."

"माहीत आहे. पण करतो ना मी."

मला त्या दिवशी हसू आलं होतं. पुढे येणार नव्हतं.

रुडींनी दटावलं, मी तोंड सोडलं, ऑरिननी मान डोलावली. साधी उड्डाणं सुधारली. परीक्षेच्या दिवशी मी आधी बसले, पास झाले. मग ऑरिन उजव्या खुर्चीत, मी डावीकडे कॅप्टनच्या जागी. परीक्षक कॅप्टन ग्लेंडा फ्राय. बारीक आवाजाची, विणलेला स्वेटर घालणारी बाई, बघून वाटेल चर्चमध्ये केक विकत असेल. तिने सिम्युलेटरमध्ये डाव्या इंजिनाला आग लावली. घंटा वाजली, लाल दिवा लागला.

अशा वेळी मी ते इंजिन बंद करायच्या मुठीवर हात ठेवायचा आणि विचारायचं, "डावं?" चालवणाऱ्याने डोळ्यांनी बघायचं आणि म्हणायचं, "डावं." तेव्हाच ओढायचं. का, तर घाईत माणूस भलतंच, चांगलं चाललेलं इंजिन बंद करतो. एवढं सगळं आम्ही भिंतीसमोर घसा बसेपर्यंत केलेलं. पण घंटा वाजली आणि ऑरिनच्या डोळ्यांसमोर बहुतेक तारा आल्या. माझा हात अर्ध्या वाटेत असताना त्यांनी मूठ ओढली. आग विझली. विमान सरळ रेषेत चाललेलं, पेल्यातलं पाणी हललं नसतं.

बाहेर आल्यावर ग्लेंडाने मऊ आवाजात सांगितलं, नापास.

"मूठ बरोबर होती," ऑरिन म्हणाले.

"होती ना. म्हणून तर मला जास्त भीती वाटली. ज्या दिवशी चुकीची असेल, त्या दिवशी तुम्हाला कोण सांगणार? तुम्ही कुणाला वेळच देत नाही."

आणखी थोडं शिक्षण आणि एकच संधी. त्यात गेलं की कंपनी हात जोडणार, आणि ती नोंद जन्मभर मागे लागणार. एकदा नापास होऊन घरी पाठवलेल्या या वयाच्या माणसाला दुसरी कुठलीही कंपनी दारात उभं करत नाही.

रुडी मला म्हणाले, "तू पास आहेस. तू पुढे जा, त्याच्या शेजारी मी दुसरं कुणीतरी बसवतो."

मी लॉबीत गेले. ऑरिन कॉफीच्या यंत्राकडे बघत बसले होते.

"तू जा, पोरी," ते म्हणाले. "माझं मी करतो."

माझं टाळकंच सटकलं. "हेच! हेच ते वाक्य! याच वाक्यापायी नापास झालात आणि अजून तेच बोलताय! 'माझं मी करतो!' मग हवी कशाला शेजारी खुर्ची? उपटून टाका ती, कंपनीला जागा होईल तेवढी!"

रिसेप्शनवरच्या मुलीने फोन खाली ठेवला.

"मी थांबायला तयार आहे," मी म्हटलं. "पण तुम्ही थांब म्हणायला पाहिजे. तुमच्या तोंडाने. नाहीतर मी सामान भरते."

ते उठले, टोपी घातली आणि बाहेर निघून गेले. खिडकीतून बघते तर माझ्या गाडीवरचा बर्फ झाडतायत. संतापाने मला रडू यायला लागलं. सगळी गाडी झाडून झाली, काचा झाल्या, नंबराची पाटीसुद्धा पुसली. मग आत आले, टोपी काढून हातात घेतली आणि जमिनीकडे बघत म्हणाले, "कोस्की. थांबशील का?"

"थांबते," मी म्हटलं. "आणि गाडीबद्दल आभार, पण ती भाड्याची आहे."

त्यानंतर मी त्यांची जी दशा केली ती आठवून आजही हसू येतं. त्यांच्याकडे शेतावरचे कातडी हातमोजे होते, आत लोकर, बोटं सगळी एकत्र. ते घालून त्यांना भिंतीसमोर बसवलं. त्या मोज्यांतून बटण काय, दांडासुद्धा धरता येत नाही. ज्याला जे हवं ते तोंडाने मागायचं. हात शिवशिवले की मी ओरडायचे, "हात खाली, ऑरिन!" शेजारच्या खोलीतला माणूस एकदा विचारायला आला की सगळं ठीक आहे ना.

ब्रेडीने आपली भर घातली. जेवणाच्या टेबलावर आजोबांनी काहीही उठून किंवा हात लांबवून घ्यायचं नाही, मागायचं. केचप लांब ठेवायचा, मिरी लांब, काटासुद्धा लांब. पहिल्या दिवशी तो माणूस कोरडा बर्गर तसाच खाऊन उठला, पण मागितलं नाही. दुसऱ्या दिवशी टेटर टॉट्स, म्हणजे तळलेल्या बटाट्याच्या गोळ्यांची थाळी आली, आणि ते केचपशिवाय खाणं त्यांना शक्यच नव्हतं. बराच वेळ बाटलीकडे बघितलं. मग घसा खाकरून म्हणाले, "ब्रेडी. ते लाल."

"नाव घ्या, आजोबा. पूर्ण बोला."

"केचप दे रे, गाढवा."

"केचप देतोय," ब्रेडीने कॉकपिटातल्यासारखं उत्तर दिलं आणि बाटली सरकवली. "केचप दिला." सगळं टेबल टाळ्या वाजवत होतं, आणि ऑरिन डकोटातल्या त्यांच्या सगळ्या माणसांसारखं "उफ् दा" म्हणून डोळे फिरवत होते. पण ओठाच्या कोपऱ्यात हसू होतं, मी पाहिलं.

एकदा ते अंघोळीला गेले असताना जॉयसचा फोन आला. मी तिला मोज्यांचं आणि केचपचं सांगितलं. वाटलं हसेल. ती हसली नाही.

"माझ्याकडे त्याने कधी काही मागितलं नाही गं," ती म्हणाली. "इतकी वर्षं झाली. ताटात मीठ कमी असेल तर उठून घेतो. ताप असला तर स्वतःच पाणी आणतो. लोक म्हणतात, नशीबवान आहेस. आहेच मी. पण कधीकधी वाटतं, मी या घरात नसते तरी याचं काही अडलं नसतं."

"तसं नाही," मी म्हटलं.

दुसऱ्या परीक्षेला पुन्हा ग्लेंडाच. तोच स्वेटर. मी डावीकडे, ऑरिन उजवीकडे, मोजे माझ्या पिशवीत. या वेळी पूर्ण प्रवास होता, मिनियापोलिसहून फार्गोपर्यंत, ढग, बर्फ, सगळं. चाकं मागितली, मी दिली. फ्लॅप मागितले, दिले. मध्ये एक विजेचा बिघाड आला, त्यांनी काय काय करायचं त्याची यादी मागितली, मी वाचली, त्यांनी बघून होकार दिला. मी मनात नाचत होते.

फार्गो जवळ आलं. बाहेर नुसतं पांढरं. तेवढ्यात मागून ग्लेंडाचा हात माझ्या खांद्यावर आला आणि तिने माझ्या मांडीवर एक कार्ड ठेवलं. ऑरिन समोर उपकरणांकडे बघत होते. कार्डावर लिहिलं होतं, 'तू बेशुद्ध आहेस. बोलू नकोस. हलू नकोस.'

असली परीक्षा घेतात हे माहीत होतं. नियमही माहीत होता, दोन वेळा विचारून शेजारच्याचं उत्तर आलं नाही तर विमान आपल्या ताब्यात घ्यायचं. पण मी या माणसाला काय शिकवलं होतं? हात खाली. मोजे घालून, ओरडून, उपाशी ठेवून, हात खाली! आता न विचारता हात घातला तर जुनी खोड म्हणून नापास. आणि विचारून नुसते वाट बघत बसले तर जमीन वर येत होतीच. आणि मी पुतळ्यासारखी बसून बघायची.

"फ्लॅप," ऑरिन म्हणाले.

मी गप्प. त्यांचा डावा हात गुडघ्यावरून उचलला गेला. मी डोळ्याच्या कोपऱ्यातून बघत होते. हात हवेतच थांबला आणि परत गुडघ्यावर गेला.

"कोस्की, फ्लॅप."

मी गप्प. उंचीचा काटा उतरत होता. तेव्हा त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. यंत्राकडे नाही, माझ्याकडे. आणि कुठल्याही पुस्तकात नसलेल्या आवाजात म्हणाले, "पोरी? बरं वाटत नाही का तुला?"

मला त्या क्षणी खरोखर उत्तर द्यावंसं वाटलं.

"विमान माझ्या ताब्यात," ते म्हणाले, आणि मग ते हात सुटले. विमान वर घेतलं, फ्लॅप, चाकं, सगळं त्या माणसाने असं केलं की जन्मभर हेच करत आलाय. आलाच होता. मला वाटलं, आता हे एकटेच गुपचूप उतरवणार आणि ग्लेंडा म्हणणार, बघा, पुन्हा तेच. पण त्यांनी टॉवरला सांगितलं, माझी कॅप्टन आजारी आहे, मला सरळ रस्ता द्या, खाली डॉक्टर आणा. मग केबिनचा फोन उचलला. ग्लेंडाने मागून हवाई सुंदरीचा आवाज काढला.

"पुढे ये, मला मदत हवी आहे," ऑरिन म्हणाले. "हिला खुर्चीत मागे ओढून धर, पट्टा आवळ. हिचे हात दांड्यांपासून लांब ठेव. आणि इथंच थांब, मी सांगेन ती यादी वाचून दाखव. मी एकटा आहे."

'मी एकटा आहे' हे सांगून मदत मागणारे ऑरिन ट्वेट मी त्या दिवशी पाहिले. विमान उतरलं. थांबल्यावर मी श्वास सोडला तर ते दचकले.

ग्लेंडा लिहीत होती. "शेवटी एकट्यानेच उतरवलंत," ती म्हणाली.

"हो." त्यांनी घाम पुसला. "पण आधी विचारलं मी."

"दोनदा विचारायचं असतं. तुम्ही तीनदा विचारलंत."

"तिसऱ्यांदा फ्लॅपचं नव्हतं विचारलं," ऑरिन म्हणाले.

ग्लेंडाने पेनाचं टोपण लावलं आणि हात पुढे केला. पास. मी जिना उतरेपर्यंत कसाबसा धीर धरला, आणि खाली त्यांच्या गळ्यात पडून भोकाड पसरलं. ते माझी पाठ थोपटत राहिले, गायीची थोपटावी तशी.

पंखांचा बिल्ला लावायचा समारंभ फार मोठा नसतो. तीच वर्गखोली, एक केक, रुडींचे जुनेच विनोद. घरचं माणूस येतं आणि गणवेशावर बिल्ला लावतं, एवढीच रीत. ब्रेडीच्या आईने त्याला बिल्ला लावून इतके फोटो काढले की तो टेबलाखाली जायचा बाकी राहिला. जॉयस ट्वेट कोपऱ्यात उभी होती, बुटकी, पांढऱ्या केसांची, काखेत तोच पत्र्याचा डबा.

ज्येष्ठतेने पहिले असूनही ऑरिन शेवटी आले. रुडींनी बिल्ला त्यांच्या हातात दिला. आणि माझ्या डोळ्यांदेखत त्यांनी तो उलटा करून मागची टाचणी उघडली, एका हाताने खिसा ताणला, दुसऱ्या हाताने बिल्ला छातीवर टेकवला. सवय. जॉयस दोन पावलं पुढे आली होती, तिथेच थांबली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, ओळखीचं काहीतरी पाहिल्यावर होतो तसा चेहरा होता. मी तोंड उघडलं, "हात..." आणि गिळलं. आता मला बोलायचा अधिकार नव्हता.

ऑरिनचे हात थांबले. त्यांनी बिल्ल्याकडे पाहिलं, मग बायकोकडे. टाचणी पुन्हा मिटली, बिल्ला तळहातावर ठेवला आणि तळहात पुढे केला.

"जॉयस," ते म्हणाले. "मला लावून देतेस का?"

जॉयसने डबा माझ्या हातात दिला. टाचा उंचावून ती त्यांच्यासमोर उभी राहिली, बिल्ला घेतला. टाचणी शर्टातून जाईना. मदतीला ऑरिनचा हात वर आला.

"लावते मी," ती म्हणाली. "हात खाली ठेव."